साका खाली बसू द्या

बाटली दोन दिवस मुलीच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी होती. तिने दोनदा विचारलं, "बाबा, फ्रीजमध्ये सरकवू का?" मी दोन्ही वेळा नको म्हटलं. ढवळलेल्या ताकावर लगेच निवळ मिळत नाही, तसंच हे. चोवीस वर्षं आडवी पडलेली बाटली उभी केली, की कुशीला चिकटलेला साका काचेवरून हळूहळू घसरत बुडाशी जातो. त्याला दीड-दोन दिवस तरी लागतात. घाई केली तर पहिल्याच घोटाला जिभेवर कडवट, बारीक चोथा येतो आणि सगळा खेळ तिथेच संपतो.

बाटल्या खरं तर दोन होत्या. दोन्ही १९९९ सालच्या, एकाच खोक्यातल्या. मुलीच्या घरमालकांनी तळघरातून काढून दिल्या होत्या. मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीकाठच्या तूर्नों गावात राहते. खिडकी उघडली की समोर नदी, आणि पलीकडच्या काठावर एर्मिताजची टेकडी. घरमालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचं आयुष्य त्या टेकडीवर वेली छाटण्यात गेलं. बाटल्या हातात देताना काहीतरी पुटपुटले. मुलीने भाषांतर केलं, "म्हणतायत, दोन न्या. एक दगा देईलच."

मी नाशिकचा. दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढली. सकाळी आम्लता मोजायची, गंधकाचं प्रमाण बघायचं, आणि अकराच्या सुमाराला, पोट रिकामं असताना, टाक्यांमधले नमुने चाखून थुंकायचे. माझ्या हाताखालून गेलेल्या जवळजवळ सगळ्या वाइन एक-दोन वर्षांच्या. चोवीस वर्षांची, तीही सिरा द्राक्षाची, तिच्या मूळ गावात बसून चाखायची पहिलीच वेळ होती.

'सिरा' म्हटलं की आमच्या घरात हमखास कोणीतरी रव्याचा शिरा काढतं. आपल्याकडच्या बाटल्यांवर बहुतेक 'शिराझ' छापलेलं असतं, ते ऑस्ट्रेलियाच्या वळणाचं नाव. द्राक्ष एकच. त्या नावावरून इराणच्या शिराझ शहराची एक सुरस कथा बरीच वर्षं फिरत होती: कोणी सरदार धर्मयुद्धावरून परतला, जखमांना आणि युद्धाला कंटाळून या टेकडीवर कुटी बांधून राहिला, आणि येताना त्याने वेल आणला. एर्मिताज म्हणजे तपस्व्याची कुटीच. टेकडीच्या माथ्यावर छोटंसं प्रार्थनाघर अजून आहे. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनए तपासणी झाली आणि सिराचे आईबाप सापडले: द्यूरेझा हे काळं द्राक्ष आणि माँद्यूझ ब्लाँश हे पांढरं. दोन्ही आग्नेय फ्रान्समधली, आता फारशी कोणी न लावणारी. म्हणजे पोर इथलंच. सरदाराची कथा तरीही सगळे सांगतात. घरमालकांनीही सांगितली.

टेकडी बघितली की आधी तिच्या लहानपणाचंच नवल वाटतं. सगळी मिळून साधारण १३५ हेक्टर. आपल्या हिशेबात साडेतीनशे एकरही नाही. निफाडकडच्या एखाद्या मोठ्या गावातल्या द्राक्षबागा याहून जास्त भरतील. तोंड दक्षिणेला, पश्चिमेच्या अंगाला ग्रॅनाइट, पूर्वेला सरकलं की गोटे आणि माती. उतार इतका, की दगडी बांध घालून पायऱ्या केल्यात. वेली मांडवावर नाहीत. प्रत्येक वेलाला एक खुंटा, टोमॅटोला काठी लावतो तसा. बांधांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत मालकांची नावं रंगवलेली, आगगाडीतून वाचता यावीत इतकी मोठी. एके काळी बोर्दोचे व्यापारी आपली वाइन एखाद्या वर्षी पातळ पडली तर इथली वाइन आणून त्यात मिसळायचे, आणि तसं उघड सांगायचेसुद्धा. ऑस्ट्रेलियाने तर आपल्या सगळ्यात नावाजलेल्या शिराझला कितीतरी वर्षं 'ग्रेंज हर्मिटेज' असंच नाव दिलं होतं. ते शेपूट १९९० च्या वाइनपासून गळालं.

पहिली बाटली उघडली. बूच जुनं असलं की नेहमीचा मळसूत्री स्क्रू त्याचा भुगा करतो, म्हणून दोन पात्यांचा चिमटा वापरला. पाती बुचाच्या दोन बाजूंनी काचेलगत खाली सरकवायची आणि पिळत पिळत ओढायचं. बूच अख्खं, देखणं बाहेर आलं. मी खूश. ग्लासात बोटभर ओतली, नाक घातलं, आणि वास... म्हणजे वास नव्हताच. ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. वाटलं, चोवीस वर्षांची आहे, जागी व्हायला वेळ घेईल.

बरोबर आलेली माझी बायको म्हणाली, "पावसाळ्यात ट्रंकेत राहिलेली सतरंजी."

कुबट. नेमका शब्द. मी अठरा वर्षं अहवालात 'कॉर्क टेंट' लिहीत आलो, पण त्या वासासाठी आपल्याकडे मुळातच एक शब्द आहे, आणि हिने तो माझ्याआधी पकडला. हा दोष वयाचा नाही. बुचाच्या सालीत बुरशी असते. तिला क्लोरीनची काही संयुगं मिळाली की ती ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचा पदार्थ तयार करते. लिटरमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागात मोजावे असे, नाकाला पुरतात. पिऊन अपाय होत नाही, पण फळाचा वास पार मारून टाकतो. किती वेळ थांबलं तरी जात नाही, उलट हवा लागल्यावर आणखी जाणवतो. जुनी वाइन चाखणाऱ्याची पहिली परीक्षा हीच: म्हातारपण कोणतं आणि आजार कोणता. म्हातारपणाचे वास दहा मिनिटांत बदलतात. आजाराचा वास ढिम्म हलत नाही.

घरमालकांनी एकदा हुंगलं, खांदे उडवले आणि सगळी बाटली मोरीत ओतली. तिची आज दुकानात काय किंमत असेल, याचा हिशेब मी केला. त्यांनी केला नसावा.

दुसऱ्या बाटलीचं बूच अर्ध्यात तुटलं. उरलेलं चिमट्याने कसंबसं काढलं. मग बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा दिवा धरून, अजिबात न थांबता, एकाच धारेत काचेच्या जगमध्ये ओतायला घेतली. पूर्वी मेणबत्ती धरायचे. मानेतून जाणारी धार नितळ लाल दिसते, दिसत राहते, आणि मग एकदम तिच्यात धुरासारखी काळी रेघ येते. तिथे हात थांबवायचा. बाटलीत दोन-तीन घोट राहिले. तरुण वाइन हवा लागावी म्हणून तासभर आधी ओतून ठेवतात. म्हाताऱ्या वाइनला तेवढी हवा झेपेलच असं नाही. तिच्याबाबतीत हा सगळा उद्योग फक्त साका वेगळा करण्यासाठी.

साका म्हणजे काय, तर या वाइनचा गेलेला रंग. कोवळ्या सिराचा रंग जांभळाच्या रसासारखा, बोटांना लागेल असा गडद. तो सालीतल्या अँथोसायनिन द्रव्यांचा. वर्षं जातात तशी ही द्रव्यं सालीबियांतल्या टॅनिनशी जोडली जातात, साखळ्या लांबतात, जड होतात आणि खाली बसतात. मी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरला. मध्ये डाळिंबी, कडेला येता येता वीटकरी, आणि अगदी काठाला पातळ नारिंगी रेघ. चोवीस वर्षांना शोभणारा रंग. सगळाच तपकिरी असता तर काळजी वाटली असती. जांभळा असता तर संशय आला असता.

रंगाचं मी यापुढे ऐकत नाही. बोर्दोमध्ये एक प्रयोग झाला होता, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, आणि तीच वाइन, वास नसलेला लाल रंग मिसळून, पुन्हा दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासाचं वर्णन करताना त्यांनी लाल वाइनसाठी राखून ठेवलेले शब्द वापरले. ही गोष्ट मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो. म्हणून चाखताना रंग एकदा बघायचा, लिहायचा आणि विसरायचा.

आता वास. ग्लास न हलवता पहिलं हुंगणं. आधी गोठा आला. खोटं कशाला बोलू? गोठा आणि घोड्याचं खोगीर, यांच्या मधलं काहीतरी. ब्रेटानोमायसीस नावाचं यीस्ट जुन्या लाकडी पिंपांत मुक्कामाला असतं. त्याची ही देणगी. आमच्या प्रयोगशाळेत मी हा नमुना नापास केला असता. या भागातल्या जुन्या वाइनच्या चाहत्यांना तोच वास थोडा असला तर आवडतो. माझं मत मधलं: पाहुण्यासारखा आला आणि दहा मिनिटांत उठला तर चालेल, ठाण मांडून बसला तर दोष. इथे तो बसला नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला मागे सरला आणि त्याच्या जागी धूर आला.

वाइनच्या पुस्तकांत या जागी 'धुरावलेलं मांस' लिहिलेलं असतं. आमची ही शाकाहारी. तिने ग्लास हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आजीकडचा बंब. वरून ढलप्या टाकल्या की निघायचा तो धूर." त्यानंतर तिनेच सुकलेलं आमसूल सांगितलं. मला नव्या कोल्हापुरी वहाणेला तेल पाजल्यावरचा चामड्याचा वास येत होता, आणि खाली, खोल, काळं मिठातलं ऑलिव्ह. हा शेवटचा वास बाटलीतच घडतो. वाइन मुरताना तिच्यात डायमिथाइल सल्फाइड साठत जातं, आणि जुन्या सिरातला ऑलिव्हचा, जमिनीखालच्या अळंबीचा वास बराचसा त्याच्यामुळे. तेच प्रमाणाबाहेर गेलं तर उकडलेल्या मक्याचा वास मारतो. फळ? होतं, पण ताजं नव्हतं. वाळलेल्या मनुकांच्या आणि जांभळाच्या मधलं.

सिराची खरी ओळख म्हणून जो वास सांगतात, तो मात्र मी सांगितला नाही. तो मिऱ्याचा. त्यामागे एक कबुली आहे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझमधल्या मिऱ्याच्या वासाचं मूळ शोधलं: रोटंडोन. काळ्या मिऱ्यातही तेच. त्याच कामात असंही निघालं, की साधारण पाचातल्या एका माणसाला ते रोटंडोन भरपूर घातलं तरी मुळीच येत नाही. पुढे एका प्रशिक्षणात आम्हाला दोन ग्लास दिले, एक साधा आणि एकात रोटंडोन. शेजारचा तरुण शिंकायच्या बेतात. मला दोन्ही सारखे. तो पाचवा माणूस मी! त्याआधी कितीतरी वर्षं मी शिराझच्या अहवालात 'मिरी' लिहीत होतो, कारण शिराझला मिरी लिहायची असते. कोणी खोटं पकडलं नाही. घरातल्या मिरपुडीचा वास मला व्यवस्थित येतो, कारण मिऱ्यात इतरही बरीच वासाची द्रव्यं असतात. वाइनमध्ये तेवढं एक दार माझ्यासाठी बंद आहे.

म्हणून जुन्या वाइनचा निकाल मी नाकावर सोडत नाही. नाक हळवं असतं, म्हाताऱ्या बाटलीपुढे लगेच विरघळतं. वास सुंदर आणि आत काहीच उरलेलं नाही, अशा वाइन चाखल्यात मी. निकाल तोंडात लागतो.

घोट घेतला, जिभेवर फिरवला, ओठांच्या फटीतून थोडी हवा ओढली. पहिल्यांदा आंबटपणा: जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं पाहिजे. सुटलं. मग तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ओढतं, म्हणून हिरड्या कोरड्या पडतात. ज्याने हिरडा किंवा कच्ची सुपारी चघळली आहे, त्याला याहून जास्त समजावायला नको. आपल्याकडे तुरट हा सहा रसांपैकी एक रस, त्यामुळे मराठी माणूस इथे अर्धी परीक्षा पास होऊनच येतो. कोवळ्या सिराचा तुरटपणा दातांवर किटण बसल्यासारखा खरखरीत. या वाइनमध्ये तो गेलेला नव्हता, पण खरखर गेली होती. मऊ सुती कापड चेपून धुतल्यासारखा. आणि मग मधला भाग, घोटाचं पोट म्हणा. तिथे काही आहे का? जुनी वाइन मरते ती बहुतेक इथून. फळ आधी जातं, आंबट आणि तुरट मागे राहतात, आणि तोंडात नुसता सांगाडा येतो. आंबट, तुरट आणि फळ, तिघं एकाच चालीने उतरणीला लागले असतील तरच वाइन चांगली म्हातारी झाली असं मी म्हणतो.

गिळल्यावर मी सेकंद मोजले. फ्रेंच लोकांनी चव रेंगाळण्यासाठी एकक केलंय, कोदाली, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. माझे अकरा भरले. घरमालकांनी मोजणं बघून डोळे फिरवले.

इथे मला माझीच एक बाटली आठवली. २०१० ची नाशिकची शिराझ. आमच्या टाकीतली, मला आवडलेली, म्हणून सहा बाटल्या घरी आणल्या आणि वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटात ठेवल्या. दहा-अकरा वर्षांनी एक उघडली. बूच मानेतून वर ढकललं गेलं होतं, रंग चहाचा, वास आंबलेल्या मनुकांचा. घोटात काहीच नाही. उरलेल्या पाचही तशाच. अकरा उन्हाळे त्या कपाटात वाइन शिजली. मुरायला तिला बारा-चौदा अंश लागतात, तेही वर्षभर सारखे. मी दिले चाळीसपर्यंत. त्यात दोष द्राक्षाचा नव्हता, माझा होता. तरी एक फरक मूळचाच आहे. या टेकडीवर द्राक्ष सप्टेंबरात पिकतं, रात्री गार होत चाललेल्या असतात, आम्ल टिकतं. आपल्याकडे ऑक्टोबरात छाटणी, आणि द्राक्ष पिकतं फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन वाढत असताना. आम्ल उतरतं, मग टार्टारिक आम्ल बाहेरून घालावं लागतं. ते मी स्वतः पोत्यातून मापून घातलंय. नाशिकची शिराझ दोन-चार वर्षांत प्यावी, मजेत प्यावी. तिला एर्मिताजच्या पंक्तीला बसवून वीस वर्षं थांबायचा हट्ट मी पुन्हा करणार नाही.

घरमालकांनी विचारलं, किती गुण? त्यांना गंमत करायची होती. नोकरीत मी वीसपैकी गुण देत असे. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने शंभराची पट्टी रुळवली, ती पन्नासपासून सुरू होते, म्हणजे नापासालाही निम्मे गुण. मी दिले नाहीत. गुण वाइनला द्यायचे असतात, आणि चोवीस वर्षांनी समोर वाइन नसते, एक बाटली असते. एकाच खोक्यातली तिची बहीण अर्ध्या तासापूर्वी मोरीतून गेली होती. दोघींना मिळून कोणता आकडा लिहू?

मी एवढंच म्हणालो, की आता प्या, आणखी ठेवू नका, फळ थकलंय. मुलीने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. त्यांना पटलं नाही. त्यांच्या मते अजून पाच वर्षं आरामात. दोघंही आपापल्या मतावर राहिलो. बाटलीच्या बुडातले साक्याचे घोट त्यांनी एका वाटीत काढले आणि रश्शात घालायला घेऊन गेले. जाताना तळघरातल्या खोक्यावर खडूने लिहिलेला बाराचा आकडा पुसून दहा केला, असं मुलीने नंतर सांगितलं.

ग्लास रात्री तसेच राहिले. सकाळी भांडी घासायला घेताना हिने एक रिकामा ग्लास सवयीने नाकाशी नेला. थांबली.

"आता मिरी येतेय," म्हणाली.

मी तिच्या हातातून घेतला. बराच वेळ नाकाशी धरला. मला काहीच आलं नाही.